हिशेबी माणसाचं स्वातंत्र्य

१९५४ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉजर कॉर्मन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या निर्मात्याकडे मोटारशर्यतींवरचा एक छोटा चित्रपट तयार होता. नाव ‘द फास्ट अँड द फ्युरियस’. (हे नाव पुढे युनिव्हर्सलने आपल्या गाजलेल्या मालिकेसाठी मिळवलं, दोन्ही चित्रपटांचा बाकी काही संबंध नाही.) रिपब्लिक आणि कोलंबिया या प्रस्थापित कंपन्या तो विकत घ्यायला तयार होत्या. कॉर्मनने तो त्यांना दिला नाही. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ हे दोघे तेव्हा एक नवी वितरण कंपनी उभी करत होते. त्यांच्या गाठीला फारसं काही नव्हतं, पण थिएटरांना द्यायला चित्रपट हवा होता. कॉर्मनने त्यांना अट घातली: चित्रपट तुमचा, पण करार या एकाच चित्रपटाचा नको, पुढच्या काही चित्रपटांचाही करायचा, आणि झालेला खर्च आगाऊ द्यायचा, म्हणजे तो लगेच पुढच्या कामाला लागेल. त्या छोट्या कंपनीची थोड्याच काळात ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ झाली आणि पुढची पंधरा वर्षं कॉर्मन तिचा मुख्य दिग्दर्शक-निर्माता राहिला. नावाजलेली कंपनी सोडून नवख्यांकडे जाण्याचा हा निर्णय वरवर उफराटा वाटतो. पण स्वतंत्र चित्रपटाचं अर्थकारण ज्याला कळून घ्यायचं आहे, त्याने इथूनच सुरुवात करावी.

छोट्या निर्मात्याची कोंडी नेमकी कुठे होते? चित्रपट पडला तर होते हे उघड आहे, पण चालला तरीही होते. ऊस कारखान्यावर घालून झाला तरी बिल हाती येईपर्यंत शेतकऱ्याची जी अवस्था असते, तीच इथे. प्रेक्षकाने तिकीट काढलं की आधी थिएटरवाला आपला वाटा घेतो, मग वितरक आपलं कमिशन, प्रिंटांचा आणि जाहिरातीचा खर्च कापून घेतो, आणि उरलेलं वर्षा-दीड वर्षाने, तेही वितरकाने मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, निर्मात्याकडे येतं. तोवर निर्माता रिकामा बसलेला असतो, किंवा पुढच्या चित्रपटासाठी दुसऱ्याच्या पैशाच्या आणि म्हणून दुसऱ्याच्या मताच्या आहारी गेलेला असतो. कॉर्मनने त्याच वर्षी आलेला ‘मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोअर’ सुमारे १२ हजार डॉलरमध्ये उरकला होता आणि ही वाट पाहणं म्हणजे काय हे त्याला कळलं होतं. एका चित्रपटावर जास्त नफा मिळवण्यापेक्षा पैसा लवकर सुटणं त्याला मोलाचं वाटलं. त्याच्या सत्तर वर्षांच्या कारकिर्दीकडे बघताना माझं म्हणणं एवढंच आहे की, चित्रकर्मीचं स्वातंत्र्य त्याच्या विषयात किंवा त्याच्या स्वभावात शोधू नये. पैसा कोणत्या वाटेने परत येतो आणि तयार चित्रपटावर शेवटची कात्री कोण चालवतो, या दोन ठिकाणी ते शोधावं.

आपल्याकडे ही दृष्टी जरा परकी वाटते. स्वतंत्र चित्रकर्मी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दादासाहेब फाळके उभे राहतात: विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेलेले, पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा केलेले. त्यागाची ही कथा खरीच आहे आणि ती सांगितली जावी. पण तिचा पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. १९१८ साली भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैशाची विवंचना मिटली, आणि थोड्याच काळात भागीदारांशी न पटल्यामुळे भारतीय चित्रपटाचा जनक सगळं सोडून काशीला निघून गेला. दागिने मोडून केलेल्या चित्रपटावर त्यांचा अंमल होता, भरभक्कम भांडवलाच्या कंपनीत तो राहिला नाही. कॉर्मनची कारकीर्द या कथेच्या उलट टोकाला आहे. त्याने उपासमार काढली नाही, आणि म्हणूनच त्याला कोणी हुतात्मा म्हणत नाही.

तो मूळचा डेट्रॉइटचा, जन्म ५ एप्रिल १९२६ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकी शिकला, म्हणजे वेळ, माणसं आणि माल यांची उधळपट्टी न होता काम कसं करून घ्यावं, हेच शिकला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये तो निरोप्याच्या कामावर लागला, मग पटकथा वाचून अभिप्राय देणारा झाला. ‘द गनफायटर’ या चित्रपटासाठी आपण केलेल्या सूचना वापरल्या गेल्या आणि श्रेय मात्र मिळालं नाही, असं त्याने पुढे सांगितलं आहे. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडायला एवढं पुरेसं होतं. बाजारही अनुकूल होता. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल देऊन मोठ्या स्टुडिओंना आपापल्या थिएटर-साखळ्यांपासून अलग व्हायला लावलं आणि एका चित्रपटाबरोबर चार दुसरे गळ्यात मारण्याची पद्धत बंद केली. त्यात घरोघरी टीव्ही आला, स्टुडिओंनी वर्षाला काढायच्या चित्रपटांची संख्या कमी केली, आणि थिएटरं मात्र उघडीच होती. शहरांबाहेर मोटारीत बसून बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं उगवत होती. पन्नाशीच्या दशकाअखेरीस ती चार हजारांवर गेली. तिथे जाणारा प्रेक्षक तरुण होता आणि त्याला एका तिकिटात दोन चित्रपट हवे असत. मोठ्या स्टुडिओंनी मोकळी केलेली ही जागा कॉर्मन आणि आर्कॉफ मंडळींनी भरून काढली. त्यांच्याकडे बऱ्याचदा आधी नाव ठरे, मग पोस्टर निघे, ते थिएटरवाल्यांना दाखवून होकार मिळाला की पटकथा लिहायला माणूस बसवला जाई.

या पद्धतीतून निघालेले बरेच चित्रपट टाकाऊ आहेत, हे सरळ मान्य करावं. रबरी राक्षस, खेकडे, विषारी बाया. पैसे वाचवण्याची खटपट पडद्यावरही दिसते. इथे पहिला आक्षेप येतो: असले चित्रपट काढायचं स्वातंत्र्य काय कामाचं? याचं उत्तर १९६० च्या ‘हाउस ऑफ अशर’मध्ये काही अंशी मिळतं. कंपनीला नेहमीप्रमाणे दोन स्वस्त कृष्णधवल चित्रपट हवे होते. कॉर्मनने त्या दोघांचे पैसे एकत्र करून एकच रंगीत, रुंद पडद्याचा चित्रपट मागितला, शूटिंगचे दिवसही दहाऐवजी पंधरा मागितले, आणि विषय म्हणून एडगर अ‍ॅलन पो याची कथा पुढे केली. यात राक्षस कुठे आहे, असं कंपनीने विचारलं, तेव्हा घर हाच राक्षस असं त्याने पटवून दिलं, अशी कथा सांगितली जाते. रिचर्ड मॅथेसनची पटकथा, फ्लॉइड क्रॉस्बीचं छायाचित्रण, डॅनियल हॅलरचे सेट आणि नट व्हिन्सेंट प्राइस यांच्या बळावर तो चित्रपट चालला आणि पोच्या कथांची एक मालिकाच सुरू झाली. त्यातल्या १९६४ च्या ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’साठी इंग्लंडमध्ये ‘बेकेट’ या भव्य चित्रपटाच्या सेटांचे उरलेले भाग वापरले आणि कॅमेऱ्यामागे निकोलस रोग होता. साथीच्या काळात गडाचे दरवाजे लावून मेजवान्या झोडणाऱ्या सरदाराची ही कथा आज पाहिली तर ती काटकसरीत झाली आहे असं कुठेच वाटत नाही. पाच वर्षं रबरी राक्षस वेळेत आणि अंदाजपत्रकात आणून दिले म्हणूनच हा शब्द टाकण्याची पत त्याच्याकडे आली होती. अर्थात त्यामुळे त्या राक्षसांची गुणवत्ता वाढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो कॉर्मनच्याच एका चित्रपटाने उभा केला आहे. १९५७ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लिटल रॉक शहरातल्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश देण्यावरून लष्कर आणावं लागलं होतं. चार्ल्स बोमाँटची ‘द इन्ट्रूडर’ ही कादंबरी त्या काळचीच. दक्षिणेतल्या एका गावात बाहेरून एक गोड बोलणारा तरुण येतो आणि गोऱ्या रहिवाशांना शाळेतल्या एकत्रीकरणाविरुद्ध भडकवतो, एवढंच कथासूत्र. कॉर्मनला हा चित्रपट मनापासून करायचा होता. नेहमीच्या कंपन्यांनी पैसे घालायला नकार दिला, तेव्हा त्याने आणि भाऊ जीन याने स्वतःचे पैसे घातले. १९६१ च्या उन्हाळ्यात मिसुरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या गावांत शूटिंग झालं. मुख्य भूमिकेत तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला विल्यम शॅटनर होता, आणि बरीचशी गर्दी तिथल्याच लोकांची. कथेचा खरा रोख काय आहे हे त्यांना पूर्ण सांगितलेलं नव्हतं. जसजसा तो कळला तसतशा धमक्या सुरू झाल्या आणि युनिटला जागा बदलत काम संपवावं लागलं. समीक्षकांनी वाखाणलं, महोत्सवांत दाद मिळाली, आणि तिकीटबारीवर चित्रपट झोपला. पुढे ‘आय हेट युअर गट्स’ आणि ‘शेम’ अशी भडक नावं देऊन तो पुन्हा खपवण्याचा प्रयत्न झाला. कॉर्मनच्या १९९० च्या आत्मचरित्राच्या शीर्षकात, हॉलिवूडमध्ये शंभर चित्रपट केले आणि एक दमडीही गमावली नाही, असा दावा आहे. तो दावा या चित्रपटापुरता खोटा आहे आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग आक्षेप असा: हिशेबाने स्वातंत्र्य मिळतं हे खरं असेल, तर ज्या एका चित्रपटात कॉर्मनने मनातलं सगळं बोलून घेतलं, त्यातच तो का बुडाला? शिवाय पुढे तसा चित्रपट त्याने काढलाच नाही. यापुढे वर करमणूक आणि तिच्या पोटात विचार, असं त्याने ठरवून टाकलं. ही माघार नव्हे का? माघार आहेच, आणि तिला रणनीती म्हणून गोंडस करायची गरज नाही. पण बुडाला तो कुठे, हे पाहिलं पाहिजे. निर्मितीत तो कुठेच अडखळला नाही. ज्या विषयाला मोठे स्टुडिओ हात लावेनात, तो त्याने अगदी थोडक्या पैशात, वेळेवर, त्याच भूमीवर जाऊन चित्रित केला. अडलं ते पुढे, चित्रपट थिएटरपर्यंत पोहोचवण्यात. स्वतःच्या पैशाने चित्रपट काढणं ही स्वातंत्र्याची अर्धीच बाजू आहे, हे ‘द इन्ट्रूडर’ने दाखवलं. राहिलेली अर्धी बाजू हातात यायला कॉर्मनला आणखी आठ-नऊ वर्षं लागली.

त्या वर्षांत त्याचे आणि अमेरिकन इंटरनॅशनलचे संबंध हळूहळू बिघडत गेले. विशेष म्हणजे ते यशाच्या काळात बिघडले. १९६६ चा ‘द वाइल्ड एंजल्स’ तुफान चालला आणि मोटारसायकलवाल्या टोळ्यांच्या चित्रपटांची लाट आली. १९६७ च्या ‘द ट्रिप’मध्ये एलएसडी घेतलेल्या माणसाचा अनुभव होता, पटकथा जॅक निकल्सनची. कंपनीने सुरुवातीला अमली पदार्थांविरुद्ध इशारा चिकटवला आणि शेवटच्या दृश्यात नायक पीटर फोंडाच्या चेहऱ्यावर काच तडकल्याचा परिणाम टाकला, म्हणजे हा माणूस कायमचा मोडला असा अर्थ निघावा. दिग्दर्शकाने तो शेवट जाणूनबुजून मोकळा ठेवला होता. १९७० च्या ‘गॅस-स-स-स’मध्ये तर शेवटावरच कात्री चालली. पन्नासच्या आसपास चित्रपट वेळेत आणि बहुतेक नफ्यात देऊनही, शेवटचं दृश्य कोणतं असावं हे वितरक ठरवत होता. पैशाच्या चक्राचं गणित त्याने १९५४ सालीच सोडवलं होतं, कात्रीचं अजून सुटलं नव्हतं. १९७० मध्येच त्याने जीनबरोबर ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’ ही स्वतःची निर्मिती आणि वितरण कंपनी काढली. त्याच वर्षी लग्न झालेली पत्नी जूली पुढे तिथे निर्माती म्हणून काम करत राहिली.

आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. पुरतं स्वातंत्र्य हाती येताच कॉर्मनने दिग्दर्शन सोडलं. १९७१ च्या ‘फॉन रिश्टहोफेन अँड ब्राउन’नंतर त्याचं नाव दिग्दर्शक म्हणून पुन्हा यायला १९९० साल उजाडलं. वितरणाचं जाळं चालवायचं तर चित्रपटांचा सतत पुरवठा हवा, आणि तो एका दिग्दर्शकाच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून नवखी माणसं आली. ही प्रथा जुनीच होती. ‘द यंग रेसर्स’च्या युरोपातल्या शूटिंगनंतर उरलेल्या पैशात आणि माणसांत फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने आयर्लंडला ‘डिमेन्शिया १३’ केला होता. वृद्ध नट बोरिस कार्लोफ कॉर्मनला दोन दिवसांचं काम देणं लागत होता; ते दोन दिवस आणि ‘द टेरर’ या जुन्या चित्रपटाची काही रिळं वापरायची, बाकी हवं ते करायचं, या अटीवर पीटर बोगदानोविचने ‘टार्गेट्स’सारखा चित्रपट काढला. मार्टिन स्कोर्सेसी, जॉनथन डेमी, जो डान्टे, रॉन हॉवर्ड हेही कॉर्मनच्याच निर्मितीत हात बसवून पुढे गेले. जेम्स कॅमेरॉन १९८० च्या ‘बॅटल बियाँड द स्टार्स’मध्ये कला विभागात होता.

या यादीचं कौतुक करताना दुसरी बाजू झाकली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ही मुलं स्वस्त होती म्हणून घेतली होती. कामाचे तास अमर्याद, मोबदला तुटपुंजा, आणि संघटनांच्या नियमांना शक्य तिथे बगल. कॉर्मनचं स्वातंत्र्य काही अंशी दुसऱ्यांच्या घामावर उभं होतं. याला ‘त्यांना शिकायला मिळालं’ हे उत्तर पुरत नाही, कारण ज्यांची नावं आज आपल्याला माहीत नाहीत अशा कितीतरी जणांनाही तेवढेच कमी पैसे मिळाले. कात्रीचंही तेच. १९८० च्या ‘ह्युमनॉइड्स फ्रॉम द डीप’ची दिग्दर्शिका बार्बरा पीटर्स हिने आपला चित्रपट पुरा केल्यावर, तो पुरेसा भडक नाही म्हणून, त्यात दुसऱ्या माणसाकडून नग्नतेची आणि बलात्काराची जादा दृश्यं चित्रित करून घालण्यात आली. तिने श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला सांगितलं, पण नाव तसंच राहिलं. दहा वर्षांपूर्वी आर्कॉफच्या कात्रीवर चिडून बाहेर पडलेल्या माणसाच्याच हातात आता ती कात्री होती. कॉर्मन दुटप्पी होता असं म्हणून हा विषय संपवता येईल. पण मला यात माझ्या मुद्द्याचाच पुरावा दिसतो. न्यू वर्ल्ड ही स्वतंत्र कंपनी होती याचा अर्थ तिच्यातला दिग्दर्शक स्वतंत्र होता असा होत नाही. स्वतंत्र फक्त तो, ज्याच्याकडे वितरणाच्या चाव्या असतात.

त्याच चाव्यांनी दुसरी दारंही उघडली. नर्सा, तुरुंगातल्या बायका आणि मोटारींची धडकाधडकी यांवर चालणाऱ्या या कंपनीने इंगमार बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ अमेरिकेत वितरणासाठी घेतला आणि तो चक्क ड्राइव्ह-इनमध्येही लावला. त्या चित्रपटाला ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. स्वेन निक्विस्टला छायाचित्रणाचं पारितोषिक मिळालं. मागोमाग फेलिनीचा ‘अमारकॉर्ड’, कुरोसावाचा ‘देर्सू उझाला’ आणि श्लोनडॉर्फचा ‘द टिन ड्रम’ आले. हा सुसंस्कृतपणाचा मुखवटा होता, असं काही जण म्हणतात. असेल. पण परकीय भाषेतला चित्रपट विकत घ्यायला निर्मितीपेक्षा कमी पैसे लागतात आणि त्याला ठराविक प्रेक्षक असतो, हे त्याला ठाऊक होतं. आवड आणि हिशेब इथे एकाच बाजूला होते. असे प्रसंग त्याच्या आयुष्यात फार आले नाहीत.

१९७५ मध्ये ‘जॉज’ चारशेहून अधिक थिएटरांत एकाच वेळी लागला, दोन वर्षांनी ‘स्टार वॉर्स’ आला. कॉर्मनचेच विषय, राक्षस आणि अवकाशयानं, आता मोठे स्टुडिओ शंभरपट पैसे ओतून करू लागले. धोका त्याने लगेच ओळखला. ‘पिरान्हा’सारखी काही उत्तरं त्याने दिली, पण १९४८ नंतर रिकामी झालेली ती जागा पुन्हा भरत चालली होती. १९८३ साली त्याने न्यू वर्ल्ड दीड कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली. जुने चित्रपट मात्र हातचे सोडले नाहीत. नव्या कंपन्या काढून तो व्हिडिओ कॅसेटच्या बाजाराकडे वळला, आणि २०१० मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अर्धा शार्क आणि अर्धा ऑक्टोपस असलेला ‘शार्कटोपस’ केबल वाहिनीसाठी काढत होता. त्याच्या आदल्याच वर्षी अकादमीने त्याला मानद ऑस्कर दिलं होतं. ९ मे २०२४ रोजी, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला.

या एवढ्या चोख माणसाच्या वहीत एक ढोबळ चूक सापडते. ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हा १९६० चा चित्रपट त्याने दुसऱ्या चित्रपटाच्या उरलेल्या सेटवर, दोन दिवस आणि एका रात्रीत मुख्य चित्रण आटोपून काढला. नव्या वर्षापासून नटांना पुनःप्रदर्शनाचा मोबदला द्यावा लागणार होता, म्हणून एवढी घाई झाली असंही सांगतात. पहिल्या प्रदर्शनानंतर या चित्रपटाला काही किंमत उरणार नाही असं धरून कॉर्मनने त्याचे हक्क नोंदवण्याची तसदी घेतली नाही, आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. टीव्हीवाल्यांनी आणि कॅसेटवाल्यांनी तो फुकटात वर्षानुवर्षं दाखवला. १९८२ मध्ये हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेन्केन यांनी त्यावरून न्यूयॉर्कमध्ये संगीत नाटक बसवलं, १९८६ मध्ये त्या नाटकावरून फ्रँक ऑझने कोट्यवधी डॉलर खर्चून चित्रपट केला, आणि ते नाटक अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत आजही होत असतं.